कच्ची वही कोणाच्या खणात आहे?

या वेळी पत्रांचा गठ्ठा वाचताना गंमत वाटली. पत्रं वेगवेगळ्या धंद्यांतली, लिहिणारे वेगवेगळ्या वयाचे, पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येकात होतं : ‘तसं वरवर पाहता सगळं ठीक आहे.’ माझी ३१ वर्षं आधी स्टोअर, मग प्लॅनिंग आणि शेवटी सगळा कारभार सांभाळण्यात गेली. त्यातली निम्मी वर्षं मीही हेच वाक्य म्हणत होते. म्हणून त्याच जातीची चार पत्रं निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत, ओळख पटेल असं काढून टाकलं आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात माझीच एक जुनी चूक आहे.

प्रश्न : ताई, चार महिन्यांपूर्वी मी एका कारखान्यात प्लॅनिंगचा प्रमुख म्हणून रुजू झालो. रिपोर्ट बघावा तर सगळा हिरवा. माल वेळेवर गेल्याचं प्रमाण ९६ टक्के. पण महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत डिस्पॅचची माणसं हातावर हात ठेवून बसलेली असतात आणि २२ तारखेनंतर कुणी वेळेवर घरी जात नाही. जवळपास प्रत्येक जॉबकार्डावर ‘अर्जंट’चा लाल शिक्का आहे. कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं : “साहेब, आपल्याकडे असंच असतं, पण टार्गेट कधी चुकलं नाही.” जुनी माणसं एका स्टोअरकीपरकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, “तो आहे तोवर काळजी नाही.” काहीतरी बिघडलंय असं वाटतं, पण नेमकं काय ते सापडत नाही. की मीच नवा म्हणून शंकेखोर झालोय?

उत्तर : शंकेखोर झाला नाहीत. चार महिनेच झालेत, नजर अजून ताजी आहे. आणखी सहा महिन्यांनी तो लाल शिक्का तुम्हाला दिसेनासा होईल. म्हणून जे जे खटकतंय ते आजच तारीख घालून लिहून ठेवा. वर्षभराने तुम्हीच एखाद्या नव्या माणसाला “आपल्याकडे असंच असतं” म्हणायला लागलात, तर ते कागद काढून वाचा.

आधी ते ९६ टक्के बघू. वेळेवर म्हणजे कोणत्या तारखेला धरून? ग्राहकाला पहिल्यांदा कबूल केली त्या, की मागाहून फोन करून पुढे ढकलली त्या? मी पाहिलेल्या निम्म्या हिरव्या रिपोर्टांचं गुपित ‘सुधारित तारीख’ नावाच्या रकान्यात होतं. तारीख पुढे गेली की मूळ तारीख पुसली जाते आणि उशिरा गेलेला माल कागदावर वेळेवर जातो. खोटं कुणीच बोललेलं नसतं. मूळ तारखेला धरून तोच आकडा पुन्हा काढा. ९६ चे ६० झाले तरी लगेच कुणाला दाखवायला धावू नका, आत्ता तो फक्त तुमच्यासाठी आहे.

मग एक साधा आलेख काढा : गेल्या सहा महिन्यांत रोज किती माल गेला, तारखेवार. महिन्याची बेरीज घेऊ नका, बेरजेत सगळं लपतं. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत २००० नंतरच्या दशकात नियम आला की तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाचं चार तासांच्या आत काय ते ठरून तो तिथून हलला पाहिजे. हेतू चांगला होता, आणि आधीचं तासन्‌तास ताटकळणं त्याने कमीही झालं. पण रुग्ण बाहेर पडण्याच्या वेळा आलेखावर मांडल्या, तेव्हा चौथा तास संपायच्या जरा आधी एक उंच सुळका दिसला. आजाराला घड्याळ कळत नाही, तो सुळका घड्याळाने काढलेला होता. तुमच्या आलेखावर तो महिनाअखेरीला दिसेल. म्हणजे तुमचा कारखाना ऑर्डरीप्रमाणे चालत नाही, रिपोर्टाच्या तारखेप्रमाणे चालतो.

यानंतर माझा आवडता उद्योग करा. एक ऑर्डर निवडा. मोठी नको, मध्यम, कुणाचं विशेष लक्ष नसलेली. कागद निघाल्यापासून माल गेटबाहेर जाईपर्यंत तिच्या मागे चालत राहा. खिशात वही ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी टिपा : ती कधी आली आणि तिला हात कधी लागला. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ऑर्डरीला ११ दिवस लागले होते आणि तिच्यावर प्रत्यक्ष काम झालं होतं पावणेसहा तास. बाकी सगळा वेळ ती पडून होती. त्यातले दोन दिवस तर क्यूसीच्या, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्यांच्या, टेबलावर, एका सहीसाठी. सही करणारा माणूस आळशी नव्हता. तो त्या वेळी दुसऱ्या टोकाला ‘अर्जंट’ मालाच्या मागे पळत होता.

‘अर्जंट’ शिक्क्याचं गणित समजावून सांगते, कारण ते एकदा डोक्यात बसलं की शिक्क्यांवर राग येत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, रांगांच्या शास्त्रातला. आत किती काम पडलंय त्याला रोज किती बाहेर जातं त्याने भागा, सरासरी किती दिवस लागणार ते मिळतं. आत २४० ऑर्डरी आहेत, रोज १२ बाहेर जातात, म्हणजे २० दिवस. तुमचे विक्रीवाले ग्राहकाला १० दिवस सांगत असतील, तर उरलेल्या दहा दिवसांचा खड्डा कुणीतरी धावपळ करून भरतो. शिक्का म्हणजे तो खड्डा. एका ऑर्डरीला पुढे काढलं की दुसरी मागे पडते, मग तिलाही शिक्का. शेवटी सगळ्यांवरच शिक्का, म्हणजे कुणावरच नाही.

उपाय ऐकायला विचित्र वाटतो : आत सोडायचं काम कमी करा. १२० ऑर्डरी आत ठेवल्या तर तीच माणसं, तीच यंत्रं, तोच रोजचा १२ चा वेग, आणि १० दिवस. पण काही यंत्रं काही काळ रिकामी दिसतील. आणि वरिष्ठांना रिकामं यंत्र जितकं बोचतं तितकी पडून राहिलेली ऑर्डर बोचत नाही. भांडण इथे होणार. एका छोट्या विभागात महिनाभर करून बघायची परवानगी मागा, सगळ्या कारखान्याची नको.

आता तो स्टोअरकीपर, ‘तो आहे तोवर काळजी नाही’वाला. माझं बोट इथे आहे.

तो माणूस मी होते. स्टोअरला लागले तेव्हा मी २३ वर्षांची. कॉम्प्युटरवरचा स्टॉक आणि रॅकवरचा माल जुळत नाही हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं. मग मी निळ्या पुठ्ठ्याची एक वही घातली. कुठल्या खणात खरोखर किती बेअरिंगं, कुठल्या मालाला गंज लागलाय, नाइट शिफ्टने स्लिप न देता काय उचललंय, सगळं त्यात, माझ्याच खुणांमध्ये. प्लॅनिंगवाले मॉनिटर बघायचे आणि मग मला फोन करायचे, “ताई, खरं किती आहे?” ‘खरं किती’ हा शब्द रोजचा झाला होता, त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मला तर तीन वेळा शाबासकीचं पत्र मिळालं.

चौथ्या वर्षी मला कावीळ झाली, तीन आठवडे घरी होते. कंपनीने माणूस पाठवून वही नेली. कुणाला काही वाचता आलं नाही. सिस्टिमला ४०० बेअरिंगं होती, रॅकवर ६०. लाइन दोन दिवस बंद पडली. परत गेले तेव्हा माझं असं स्वागत झालं की विचारू नका. फक्त ऑडिटचे एक ज्येष्ठ गृहस्थ आले, समोर बसले आणि म्हणाले, “आकडा चुकतोय हे तुला चार वर्षं माहीत होतं. मग तू आकडा का नाही दुरुस्त केलास?”

मला प्रचंड राग आला. रात्री झोप लागली नाही, तेव्हा उत्तर सापडलं. एक नग जरी कमी-जास्त दाखवायचा तर स्टॉक ॲडजस्टमेंटचा फॉर्म भरायचा, तीन सह्या घ्यायच्या आणि फरक का पडला त्याचा लेखी खुलासा द्यायचा. खुलासा देणारा आपोआप आरोपी. त्यापेक्षा वही स्वस्त. आणि दुसरं उत्तर कबूल करायला आणखी काही वर्षं गेली : सगळ्यांनी मला फोन करावा हे मला आवडायचं.

म्हणून त्या स्टोअरकीपरकडे जा, पण त्याची वही जप्त करायला नको. तशी जप्त केलीत तर पुढची वही तो डोक्यात ठेवेल आणि ती तुम्हाला कधीच मिळणार नाही. त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, “यात असं काय आहे जे सिस्टिममध्ये भरता येत नाही, आणि का?” त्याच्या उत्तरात तुमच्या कारखान्याची खरी दुखणी एकेक करून बाहेर येतील. आमच्याकडे शेवटी दोनच बदल झाले. ठरावीक मर्यादेपर्यंतचा फरक स्टोअरकीपरने स्वतःच्या सहीने, खुलाशाशिवाय दुरुस्त करायचा. आणि वर्षातून एकदाच्या मोठ्या मोजणीऐवजी रोज दहा-बारा खण मोजायचे. पहिल्या महिन्यात फरकांचे आकडे एवढे भयंकर दिसले की साहेबांनी कपाळाला हात लावला. वर्षभरात निळी वही निरुपयोगी झाली. मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगते.

प्रश्न : मॅडम, मी रासायनिक प्रक्रियेच्या प्लँटमध्ये नाइट शिफ्टला इन्चार्ज आहे. आमच्या लॉगबुकात दर पानावर ‘सर्व ठीक’ असतं. फेरीची ६४ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, ती बहुतेक जण फेरीआधीच बसल्या जागी भरतात. मागच्या आठवड्यात सहज म्हणून एका प्रेशर गेजवर बोटाने टकटक केलं, तर काटा हललाच नाही. गेज बंद आहे. मागची पानं चाळली : तीन महिने, रोज तीन वेळा, ४.२, ४.२, ४.२. त्यात माझ्याही सह्या आहेत. आता तक्रार केली तर मीच अडकतो, नाही केली तर झोप येत नाही.

उत्तर : पहिलं काम आज रात्रीच. त्या रकान्यात ४.२ लिहू नका. लिहा : ‘गेज बंद, वाचन मिळत नाही’, खाली वेळ आणि सही. मेंटेनन्सला लेखी कळवा आणि गेजला टॅग लावा. सकाळी साहेबांना तोंडी सांगा, त्यात हेही सांगा की “आधीच्या वाचनांवर माझ्याही सह्या आहेत.” हे वाक्य तुमच्याच तोंडून आधी आलं तर त्याचं वजन वेगळं असतं, दुसऱ्याने शोधून काढलं तर वेगळं. बोलणी खावी लागतील, लागू शकतात. पण प्रेशरचं गेज ही बोलणी टाळण्यासाठी झाकून ठेवायची वस्तू नव्हे.

६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर एक पंप दुरुस्तीला काढलेला होता आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे नुसती झाकणपट्टी बसवली होती. व्हॉल्व्ह काढल्याचं परमिट होतं. लिहिलेलं होतं, सहीचं होतं. पण रात्रीच्या पाळीला ते मिळालं नाही, आणि पाळी बदलताना तोंडीही कुणी सांगितलं नाही. दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रीच्या लोकांनी हा सुरू केला. १६७ माणसं गेली. १९९० मध्ये चौकशीचा अहवाल आला, त्यातून दिसलं की परमिटची पद्धत कागदावर व्यवस्थित होती, रोजच्या कामात मात्र तिला बगल देणं अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशी कुणी काही वेगळं केलं नव्हतं. मला छळतं ते हेच. त्या रात्रीपर्यंत तिथेही ‘सर्व ठीक’च होतं.

आता तुमच्या सहकाऱ्यांबद्दल. ते अप्रामाणिक आहेत असं मला वाटत नाही. एकदा घड्याळ लावून ती ६४ मुद्द्यांची फेरी खरोखर करून बघा. चालण्याचा, जिने चढण्याचा वेळ धरा. माझा अंदाज दीड तासाच्या वर जाईल. आणि फेरीला वेळ किती दिलाय? वीस-पंचवीस मिनिटं असेल, तर बसल्या जागी भरण्यावाचून त्यांना पर्यायच दिलेला नाही. चेकलिस्टा वाढतात कशा, माहीत आहे ना? प्रत्येक अपघातानंतर दोन मुद्दे घातले जातात, काढत मात्र कुणीच नाही. काढणाऱ्याचं नाव लागतं. हे घड्याळाचं गणित कागदावर मांडून साहेबांपुढे ठेवा. “लोक खोटं भरतात” म्हणालात तर चौकशी लागेल आणि चार जणांना मेमो मिळतील. “६४ मुद्द्यांना ९० मिनिटं लागतात, आपण २५ देतो” म्हणालात तर निदान बोलणं योग्य जागेवरून सुरू होईल. सोबत तुमच्या मते जीवघेणे ठरू शकतील असे १५ मुद्दे वेगळे काढून न्या. त्यांत हो-नाहीची खूण नको, आकडा लिहायचा रकाना हवा. आणि मागच्या पाळीचा आकडा भरताना समोर दिसता कामा नये. ४.२ ची रांग अशीच तयार होते, वरच्या ओळीकडे बघून.

आणि हँडओव्हर खुर्चीत बसून घेऊ नका. जाणाऱ्याला यंत्राजवळ उभं करा आणि तीन गोष्टी विचारा : अर्धवट काय सोडलंयस, आज नेहमीपेक्षा वेगळं काय वाटलं, आणि तू माझ्या जागी असतास तर रात्री कशावर लक्ष ठेवलं असतंस. तिसऱ्या प्रश्नाला माणसं खरं बोलतात. का ते मला अजून कळलेलं नाही, पण बोलतात.

प्रश्न : आमचे साहेब देवमाणूस आहेत. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तरी स्वतः येऊन उभे राहतात, दर वेळी तेच वाचवतात. कंपनीने त्यांना सलग तीन वर्षं सन्मानित केलं. मग आम्ही सगळे इतके दमलेले का?

उत्तर : कारण आग दर वेळी त्याच खोलीत लागते. तीन वर्षांतल्या रात्रींची यादी करा, तारीख आणि कारण, एवढंच. एकच कारण चार वेळा आलं असेल तर साहेबांना नम्रपणे विचारा, “सर, हे कायमचं मिटवायला किती दिवस लागतील, आणि तेवढे दिवस आम्हाला कोण देईल?” ते खरोखर देवमाणूस असतील तर त्यांना प्रश्न आवडेल. चिडले, तर समजा त्यांचीही एक निळी वही आहे. आणि सन्मान देणाऱ्यांबद्दल काय बोलू? जिथे कधी आग लागतच नाही त्या विभागाच्या प्रमुखाला मी आजवर एकदाही स्टेजवर पाहिलेलं नाही.

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या संस्थेचा प्रमुख आहे. माझं दार कायम उघडं असतं, मी कुणावर आवाज चढवत नाही. तरी मीटिंगमध्ये माझ्यानंतर कुणी बोलत नाही. आढावा दर आठवड्याला हिरवा असतो. मग अचानक एखादी गोष्ट एकदम कोसळते आणि चौकशीत कळतं की खालच्या पाच-सहा जणांना ती महिनोन्‌महिने माहीत होती. गेल्या वर्षी एका इंजिनिअरने मीटिंगमध्ये एका प्रकल्पाबद्दल बरंच नकारात्मक मांडलं होतं, नंतर त्याची दुसऱ्या विभागात बदली झाली, अर्थात वेगळ्या कारणांसाठी. लोकांना बोलतं कसं करावं?

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘अर्थात वेगळ्या कारणांसाठी’ हे मी तीनदा वाचलं. कारणं वेगळी असतीलही, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण तुमच्या लोकांनी ती कारणं पाहिलेली नाहीत. त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या, एकामागून एक : माणूस बोलला, माणूस हलला. दार उघडं आहे हे त्यांना दिसतं, आणि त्या दारातून शेवटचा माणूस कुठे गेला हेही दिसतं.

तुमची दोन वाक्यं मी जोडून वाचली : ‘माझ्यानंतर कुणी बोलत नाही’ आणि ‘आवाज चढवत नाही’. आवाजाचा प्रश्नच नाही हो. तुम्ही आधी बोलता. प्रमुखाचं मत टेबलावर आलं की बाकीच्यांचं काम री ओढण्याचं उरतं. उद्यापासून शेवटी बोला, आणि सगळ्यात धाकट्याला पहिल्यांदा बोलायला लावा. पहिल्या दोन-तीन मीटिंगा अवघडलेल्या शांततेत जातील. त्या जाऊ द्या, शांतता भरून काढायला तोंड उघडू नका.

चॅलेंजर या अंतराळयानाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंद, सात जण. आदल्या रात्री फोनवर मीटिंग झाली होती. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं होतं की थंडीत सांध्यातल्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत, साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली, कंपनीच्या वरिष्ठांनी आपापसांत बोलून घेतलं आणि शिफारस उलटवली. सकाळी तापमान २ अंशांच्या आसपास होतं. पुढे चौकशी मंडळावर असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी लोकांना विचारलं, यान गमावण्याची शक्यता किती? प्रत्यक्ष काम करणारे इंजिनिअर म्हणाले शंभरात एक. व्यवस्थापन म्हणालं लाखात एक. यान तेच. पहिल्या पत्रातल्या भाषेत सांगायचं तर एकाच यानाच्या दोन वह्या, आणि उड्डाणाचा निर्णय पक्क्या वहीवर झाला.

तुमच्याकडे हा प्रयोग करायला पैसे लागत नाहीत. चालू असलेला एक प्रकल्प घ्या. ‘ठरलेल्या तारखेला पुरा होण्याची शक्यता किती टक्के?’ एवढा एकच प्रश्न, चिठ्ठीवर, नाव न लिहिता. विभागप्रमुखांच्या चिठ्ठ्या एका डब्यात, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या दुसऱ्यात. दोन डब्यांच्या सरासरीत जेवढं अंतर, तेवढं सत्य वर येताना जिन्यात सांडतंय. कुणी काय लिहिलं ते शोधायच्या भानगडीत पडू नका. अक्षर ओळखू आलं तरी ओळखू नका.

हिरव्या रिपोर्टबद्दलही एक सांगते. ॲमी एडमंडसन या संशोधक १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या गटांत नेतृत्व चांगलं, माणसांचं एकमेकांशी जमतं, तिथे चुका कमी निघतील ही अपेक्षा. निघालं उलटं, चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त. उलगडा असा की ते गट चुका जास्त करत नव्हते, जास्त सांगत होते. तेव्हा दर आठवड्याला हिरवा आढावा येत असेल तर आनंद मानू नका. आढाव्याची सुरुवातच दुसऱ्या प्रश्नाने करा : “या आठवड्यात कुठे जुगाड करावा लागला?” जुगाड हाच शब्द वापरा. ‘अडचणी’ विचारल्यात तर “काही नाही सर” येतं, जुगाड विचारलात तर माणूस जरा अभिमानाने सांगतो, आणि सांगता सांगता दुखणं सांगून जातो.

पहिली वाईट बातमी येईल तेव्हा तुमचे पहिले दहा सेकंद सगळे जण बघत असतील. “हे आधी का नाही सांगितलं?” हा प्रश्न त्या दहा सेकंदांत येऊ देऊ नका. तोंडावर येतोच तो, मला पन्नाशीपर्यंत आवरला नाही. त्याऐवजी “बरं झालं सांगितलंस, आत्ता काय लागेल?” आणि तो जे मागेल त्यातलं एक तरी त्याच दिवशी द्या, लहानसं का असेना.

आणि त्या इंजिनिअरला फोन करा. बदली का केली ते समजावू नका, त्याने विचारलं नसेल तर मुळीच नको. एवढंच म्हणा की त्या दिवशी तू काय सांगत होतास ते मला पुन्हा ऐकायचंय, आणि बोलत असताना लिहून घ्या. त्यातलं किती खरं ठरलं ते तुम्हाला आज माहीत आहे. पुढच्या मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर वाचा, त्याचं नाव घेऊन, आधी त्याला विचारून.